गावठी, ग्रामप्रिया, कडकनाथ की असील? परसातल्या कोंबडीची निवड स्वभाव पाहून

परसात किंवा शेतघराजवळ वीस-पंचवीस कोंबड्या पाळाव्यात असे ज्याच्या मनात येते, त्याच्या हाती चौकशीच्या पहिल्याच दिवशी अंड्यांचे आकडे पडतात. गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली वनराजा परसात १०० ते ११०, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज १३० ते १५०, हैदराबादचीच ग्रामप्रिया १६० ते १८०, आणि पिंजऱ्यातली व्हाइट लेगहॉर्न ३०० च्या आसपास. आकडे खोटे नाहीत. परंतु केवळ ते वाचून घेतलेला निर्णय वर्षभरात पस्तावण्याची वेळ आणतो, हे मी माझ्या खुराड्यात आणि शेजारपाजारच्या चार खुराड्यांत पाहिले आहे. कोंबडीबरोबर तिचा स्वभावही घरी येतो, आणि त्या स्वभावातून पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जे जे काढून टाकले, ते ते काम पाळणाऱ्याच्या अंगावर पडते. म्हणून पुढील तुलना अंड्यांच्या क्रमाने न करता वागणुकीच्या क्रमाने केली आहे. ज्याला घाई असेल त्याने शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल. मात्र त्यातील सल्ल्यांची कारणे मधल्या भागात आहेत.

खुडूक बसणे

खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी ज्याने एकदा जवळून पाहिली त्याला ती पुन्हा ओळखायला शिकवावे लागत नाही. ती टोपलीतून उठत नाही, अंगाची पिसे फुगवून दुप्पट आकाराची होते, हात पुढे केला की घशातून घोगरा आवाज काढते आणि चोच मारते. दिवसातून एकदाच घाईघाईने उठून चार दाणे टिपते, पाणी पिते आणि पुन्हा अंड्यांवर जाऊन बसते. त्या काळात तिचे वजन उतरते. हे सगळे प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाच्या वाढीमुळे घडते, आणि पोटाखाली अंड्यांचा स्पर्श होत राहिला की ती वाढ टिकून राहते. खुडूक मोडण्यासाठी आपल्याकडे कोंबडीचे पोट थंड पाण्यात बुडवतात, किंवा तिला अंड्यांपासून दूर डालग्याखाली कोंडतात, ते याचसाठी. ऊब आणि स्पर्श तुटला की संप्रेरक उतरते आणि काही दिवसांत ती पुन्हा अंडी द्यायला लागते.

आता हिशेब मांडून पाहावा. गावठी कोंबडी पंधरा-वीस दिवसांत १२ ते १५ अंडी घालते, मग २१ दिवस त्यांच्यावर बसते, आणि पिल्ले निघाल्यावर दोन-सव्वादोन महिने ती पिल्लांमागे असते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण शंभर ते एकशेदहा दिवस लागतात. वर्षात असे तीन, फार तर चार फेरे होतात आणि बेरीज फार तर ६० अंड्यांच्या आसपास येऊन थांबते. ही कोंबडी अंडी देण्यात कमी पडते असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. वर्षातले नऊ महिने ती आईपणात घालवते. ग्रामप्रियाची जी शंभर अंडी आपल्याला जास्त दिसतात, ती बऱ्याच अंशी ह्या नऊ महिन्यांच्या बदल्यात मिळालेली आहेत.

कोंबडीचा रानातला मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात आपल्याला दिसतो तो राखी रानकोंबडा वेगळा. मात्र पाळीव कोंबडीच्या पायांना पिवळा रंग देणारे जनुक ह्या राखी भावाकडून आलेले आहे, हे स्वीडनमधील उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. रानातली तांबडी मादी एका वेळी पाच-सहा अंडी घालते आणि उबवायला बसते. तिच्यापासून गावठीपर्यंतचा प्रवास माणसाने फारसा आखलेला नाही. गावाला पिल्ले काढणारी आई हवी होती आणि तीच टिकली. दुसरे टोक व्हाइट लेगहॉर्नचे. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे नाव घेऊन आलेली ही जात अमेरिकेत आणि पुढे जगभर केवळ अंड्यांसाठी निवडली गेली. खुडूक बसणारी मादी अंडी थांबवते, म्हणून ती पैदाशीतून बाद होत गेली, आणि अशा निवडीच्या शेवटी जी कोंबडी उरली ती अंडे घालून त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. ऱ्होड आयलंड रेड ही मुळात चांगली खुडूक बसणारी जात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या कृषी प्रयोग केंद्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्यातील ही सवय निवडीने कमी करत नेली गेली. अंडी उबवण्याची यंत्रे हाताशी असल्यानेच हे परवडले. यंत्रावाचून अशी जात एका पिढीत संपली असती.

ही सवय वारशाने कशी उतरते याबद्दल बराच काळ एक समज होता, की खुडूकपणाचे मुख्य जनुक लिंग-गुणसूत्रावर असून ते बापाकडून लेकीकडे येते. पुढे खुडूक बसणाऱ्या बँटम ह्या ठेंगण्या जातीचा आणि लेगहॉर्नचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला गेला, म्हणजे एकदा नर बँटमचा तर एकदा नर लेगहॉर्नचा, आणि दोन्हीकडच्या लेकी खुडूक बसल्या. तो समज त्याने ढिला पडला. परसात पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातला उपयोगाचा भाग असा, की ग्रामप्रियाच्या कळपात शेजारचा गावठी कोंबडा मिसळला तर पुढच्या पिढीतील काही तलंगा, म्हणजे तरुण माद्या, पुन्हा खुडूक बसू लागतात आणि अंड्यांचा आकडा खाली येतो. ज्यांनी सुधारित जात आणून तिचीच अंडी घरी उबवून कळप वाढवायचा बेत केला, त्यांची निराशा इथेच होते. वनराजा, ग्रामप्रिया आणि गिरिराज ह्या वेगवेगळ्या पैदास-ओळींच्या संकरातून तयार होतात. घरी काढलेल्या पिल्लांत ती जोडणी विस्कटते, म्हणून दर वेळी पिल्ले पैदास केंद्रावरूनच आणावी लागतात.

तेव्हा ह्या मुद्द्यावर तुलना स्पष्ट आहे. गावठी आणि असील ह्या दोघी उत्तम आया आहेत. वनराजा, ग्रामप्रिया व गिरिराज क्वचितच खुडूक होतात. लेगहॉर्नकडून ती अपेक्षा ठेवूच नये. ज्याने खुडूक न बसणारी जात घेतली त्याने एक तर उबवणी यंत्र सांभाळायचे, ज्यात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान, ओलावा आणि दिवसातून अनेक वेळा अंडी फिरवणे ही सगळी आईची कामे वीज करते आणि वीज गेली की कोणीच करत नाही. किंवा दर दीड-दोन वर्षांनी एक दिवसाची पिल्ले विकत आणून त्यांना पाच-सहा आठवडे बल्बच्या उबेखाली वाढवायचे. ही किंमत पत्रकावर छापलेली नसते.

कडकनाथ: रंग आणि स्वभाव यांची गल्लत

मध्य प्रदेशातील झाबुआ भागातल्या ह्या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रात तिची मागणी एकदम वाढली. पुढे तिच्या नावावर पिल्ले विकून मोठी कोंबडी परत घेण्याच्या ज्या योजना निघाल्या, त्यांत बऱ्याच शेतकऱ्यांचे हात पोळले. इथे मात्र प्रश्न तिच्या वागणुकीचा आहे. ही आदिवासी भागातली देशी जात असल्याने ती गावठीसारखीच अंड्यांवर बसत असेल असे घेणारा गृहीत धरतो, आणि प्रत्यक्षात कडकनाथ मादी उबवणीच्या बाबतीत कच्ची समजली जाते. अंडी तिची वर्षाला ८० ते १०० च्या घरात. उन्हात, कमी खाद्यावर, झुडपांत ती चांगली टिकते, हा तिचा खरा गुण आहे.

तिचा काळेपणा ज्या जनुकीय बदलामुळे येतो, तो विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाची नक्कल होऊन तयार झालेला एकच मोठा बदल आहे. गंमत अशी, की चीनकडची रेशमी पिसांची सिल्की ही जात अगदी ह्याच बदलामुळे आतून काळी असते, आणि सिल्की तर जगातल्या सर्वांत चिवट खुडूक कोंबड्यांपैकी एक. परदेशात हौशी लोक बदकांची व तितरांची अंडीसुद्धा तिच्याखाली उबवतात. म्हणजे काळेपणा तोच, आणि आईपण दोन टोकांचे. रंग एका जनुकावर चालतो, म्हणून तो डोळ्यांनी पाहून निवडता येतो. खुडूक बसणे, भिणे, चरणे, भांडणे ह्या गोष्टींमागे अनेक जनुके आणि त्यांवर वाढीच्या काळातले अनुभव असतात, म्हणून त्या पिसांच्या रंगावरून वाचता येत नाहीत. शिवाय हा काळेपणा संकरातही उतरतो, त्यामुळे मिसळ झालेली पिल्लेदेखील काळपट निघतात आणि शुद्ध कडकनाथ म्हणून खपतात. पिल्ले घेताना काळी जीभ पाहून समाधान मानण्यापेक्षा ज्या कळपातून ती आली तो कळप जाऊन पाहणे कितीतरी पटींनी उपयोगाचे ठरते.

घार आली असता

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावरच्या दिवसांत माझ्या अंगणात गावठी आणि वनराजा एकत्र चरत होत्या. गावठी कोंबड्याने मान वाकडी करून एका डोळ्याने आकाशाकडे पाहिले आणि एक लांब, बारीक, ओढलेला आवाज काढला. हा आवाज जमिनीवरच्या मांजराला किंवा मुंगसाला पाहून केलेल्या मोठ्या कॉक-कॉकपेक्षा अगदी वेगळा असतो. कोंबड्या आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी निरनिराळे इशारे देतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. त्या आवाजासरशी गावठी माद्या करवंदीच्या जाळीत शिरल्या आणि त्यांची पिल्ले जिथल्या तिथे पाचोळ्यासारखी चिकटून बसली. वनराजाच्या तलंगांनी माना वर केल्या, क्षणभर थांबल्या आणि पुन्हा दाणे टिपू लागल्या. त्या दिवशी त्यांतली एक गेली.

एका प्रसंगावरून जातीचा निवाडा करू नये, हे मान्य. परंतु ज्या दिशेने हा प्रसंग बोट दाखवतो ती दिशा संशोधनाशी जुळते. पाळीव कोंबडीतील पहिला आणि सर्वांत मोठा बदल भीती कमी होण्याचा आहे. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात पेर येन्सन यांच्या गटाने तांबड्या रानकोंबड्यांतून माणसाला कमी भिणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या वेगळे काढले. निवड फक्त भीतीची होती, तरी काही पिढ्यांतच ते पक्षी वजनाने मोठे झाले आणि त्यांची अंडीही मोठी झाली. माणसाळणे आणि अंगाने भरणे ह्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात असे यातून दिसते. वनराजा आणि गिरिराज ह्या अंगाने भारी जातींत हा निवांतपणा आपल्याला सुखाचा वाटतो, कारण त्या हाताला लागतात, मुलांच्या मांडीवर बसतात आणि लस टोचताना धावपळ करायला लावत नाहीत. तोच निवांतपणा घारीच्या सोयीचा असतो. पैदासकारांनी वनराजाला रंगीत पिसे मुद्दाम ठेवली आहेत, म्हणजे पांढऱ्या कोंबडीसारखी ती दुरून उठून दिसत नाही. एवढा भाग त्यांनी सांभाळला. मात्र जड शरीर फांदीवर उडून बसू शकत नाही, ते कोणत्या रंगाने भरून निघणार?

लेगहॉर्नचे इथे वेगळेच आहे. ती हलकी आहे, उडू शकते आणि फार बुजरी आहे; पण तिचे बुजणे घारीपुरते नसून बादली पडली तरी होते, आणि एक बुजली की सगळा कळप कोपऱ्यात चेंगरतो.

गावठीच्या सावधपणाचीही किंमत आहे. ती हाती लागत नाही, झाडावर झोपते आणि अंडी कुठल्या तरी कडब्याच्या गंजीत घालून येते. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस द्यायची तर रात्री अंधारात, ती फांदीवर किंवा खुराड्यात शांत असताना धरावी लागते. ज्याला ही लपाछपी जमणार नाही त्याने केवळ हौसेपोटी गावठीचा आग्रह धरू नये.

चरणे आणि खाणे

रानकोंबडे आणि लेगहॉर्न यांची तुलना करणाऱ्या स्वीडिश प्रयोगांत एक मजेशीर बाब दिसली. एका भांड्यात खाद्य सहज मिळत होते आणि दुसऱ्यात ते लाकडाच्या भुशात मिसळून ठेवले होते, म्हणजे उकरल्याशिवाय मिळणार नाही. रानकोंबड्यांनी फुकटचे खाद्य समोर असूनही आपल्या खाण्याचा मोठा हिस्सा उकरून मिळवला. लेगहॉर्नने हे कष्ट बरेच कमी घेतले. उकरणाऱ्या पक्ष्याला अन्न कुठे कुठे आहे याची माहिती मिळत राहते, आणि रानात ती माहिती उद्या जीव वाचवते. ज्याला रोज ठरल्या वेळी खाद्य मिळते त्याला ती गरज उरत नाही, आणि निवडही मग त्या कष्टाविरुद्ध जाते, कारण उकरण्यात गेलेली शक्ती अंड्यात येत नाही.

परसात याचा अर्थ सरळ आहे. गावठी सकाळी सोडली की शेणखताचा उकिरडा, बांध, गोठा असे सगळे पालथे घालते आणि संध्याकाळी ओंजळभर धान्यावर भागते. ग्रामप्रिया चरते, पण कमी फिरते आणि दुपारी दाराशी येऊन उभी राहते. तिला पूरक खाद्य दिले नाही तर १६० अंड्यांचे वचन ती पाळू शकत नाही. अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्या अंड्यांसाठी वर्षाला तीनशे ग्रॅमहून अधिक कॅल्शियम केवळ कवचात जाते, आणि ते किडे-गवतातून पुरे पडत नाही. शिंपल्यांचा चुरा ठेवावा लागतो. लेगहॉर्नच्या व्यापारी जातींना तर दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास तयार खाद्य लागते, आणि त्या परसात सोडणे म्हणजे शहरात वाढलेल्या माणसाला रानात सोडण्यासारखे आहे.

असील आणि भांडणाचा प्रश्न

असील हा शब्द आपल्या ‘अस्सल’चाच सख्खा भाऊ. आंध्र, तेलंगणा, छत्तीसगड ह्या पट्ट्यातली ही उंच, ताठ मानेची, आखूड तुऱ्याची जात कित्येक शतके एकाच गुणावर निवडली गेली: समोरच्या कोंबड्यापुढे मागे न हटणे. तिची शरीररचनाही त्याच गुणाला साजेशी आहे, कारण मोठा लोंबता तुरा प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडतो. असीलची पिल्ले काही आठवड्यांची असतानाच एकमेकांशी भिडतात आणि दोन वाढते कोंबडे एका कुंपणात ठेवता येत नाहीत. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको. पण झुंज न लावताही हा स्वभाव सांभाळावा लागतो. मांसाला भाव चांगला, आई म्हणून मादी उत्तम, परंतु ज्याच्याकडे कोंबडे वेगवेगळे ठेवण्याइतकी जागा नाही त्याच्यासाठी ही जात नाही.

एक गोष्ट मात्र असीलच्या इतिहासातून शिकण्यासारखी आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात एकोणिसाव्या शतकात असीलच्या रक्तातून कॉर्निश ही जात तयार झाली, आणि आजच्या ब्रॉयलरची रुंद छाती बऱ्याच अंशी तिच्याकडून आली. म्हणजे पैदासकारांनी असीलची छाती ठेवली आणि भांडण काढून टाकले. त्याच्या जागी भूक आली. ब्रॉयलरच्या आईबापांना पोटभर खाऊ दिले तर ते वजनाने मोडून पडतात, म्हणून त्यांना आयुष्यभर मोजून खाद्य द्यावे लागते. पक्ष्याचा एक गुण ओढला की त्याला बांधलेला दुसरा कुठला तरी गुण मागून ओढला जातो, आणि तो कोणता असेल हे आधी कळत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी दिला. अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या एकेक उत्तम कोंबडी निवडत गेल्याने पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकमेकींना टोचून मारू लागल्या होत्या, आणि त्यावर उपाय म्हणून सर्रास चोची छाटल्या जात. म्यूर यांनी चोची न छाटता अनेक कोंबड्या एकत्र ठेवल्या आणि एकेक कोंबडी न निवडता ज्या पिंजऱ्यातल्या सगळ्याजणी मिळून चांगल्या जगल्या आणि चांगली अंडी दिली असा सबंध पिंजरा पुढच्या पिढीसाठी निवडला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या पिढीत वर्षाचे मरण ६८ टक्के होते, ते चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आले. सर्वाधिक अंडी देणारी कोंबडी कधीकधी शेजारणीच्या तोंडचा घास काढूनच सर्वाधिक देत असते, हे त्यामागचे इंगित. विकत घेणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे, की बाजारातून एक इथली, दोन तिथल्या अशा निवडून धिप्पाड कोंबड्या जमवू नयेत. एका वयाची, एकत्र वाढलेली पिल्ले एका ठिकाणाहून घ्यावीत आणि कळप शांत आहे का ते पाहावे. पाठीची पिसे उपटलेली कोंबडी कळपात दिसली, तर तिच्याविषयी विचारण्याआधी तिच्या शेजारणींकडे पाहावे.

जे जातीत नसते

इतके सगळे रक्ताला चिकटवल्यावर एक दुरुस्ती करणे भाग आहे. आईखाली वाढलेली पिल्ले आणि बल्बखाली वाढलेली पिल्ले एकाच जातीची असली तरी वेगळी वागतात. आई जमिनीवर चोच आपटून, विशिष्ट आवाज काढून काय खावे ते दाखवते. तिच्यासोबत वाढलेली पिल्ले कमी बुजरी होतात आणि एकमेकींची पिसेही कमी टोचतात. लहानपणी ज्यांना दांड्यांवर चढायला मिळाले नाही त्या कोंबड्यांना पुढे उंचीवरची जागा नीट वापरता येत नाही, हेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणून ‘वनराजा मठ्ठच असते’ असे जे लोक म्हणतात, त्यांच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या दोन महिन्यांत एखादी आडवी काठी तरी होती का, हे मी आधी विचारतो. केंद्रावरची पिल्ले आणली की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून वीतभर उंचीवर एक बांबू टाकावा. काही पैशांचे काम आहे.

कोणी काय घ्यावे

घरात दिवसभर माणूस आहे, बाहेर मोकळी जागा आहे, आठवडी बाजारात गावठी अंड्यांना वेगळा भाव मिळतो आणि पिल्ले विकत आणण्याची दगदग नको, तर गावठी घ्यावी. दहा माद्या आणि एक कोंबडा यांतून कळप स्वतःचा स्वतः वाढतो. अंड्यांचा आकडा छोटा राहील, पण तो खाद्याच्या पोत्याशिवाय मिळालेला असेल.

घरच्या खाण्यासाठी आणि चार शेजाऱ्यांना विकण्यासाठी नियमित अंडी हवी असतील, रात्री बंद करण्याजोगे खुराडे असेल आणि खाद्यावर खर्च करण्याची तयारी असेल, तर माझी पसंती ग्रामप्रियाला. मांस आणि अंडी दोन्ही हवीत, लहान मुले आजूबाजूला असतात आणि वर जाळी टाकता येते, तर वनराजा किंवा गिरिराज. ह्या दोघींत फरक शोधण्यापेक्षा जवळच्या कोणत्या केंद्रावर कोणती पिल्ले वेळेवर मिळतात ते पाहावे, कारण दर वेळी तिथेच जावे लागणार आहे. कडकनाथ ज्याच्याकडे गिऱ्हाईक आधीपासून ठरलेले आहे त्याने घ्यावी, आणि उबवणीची सोय वेगळी करावी. असील अनुभवी माणसाने. लेगहॉर्न परसासाठी नाहीच. शनिवार-रविवारी शेतघरी जाणाऱ्यांनी कोणतीच कोंबडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधल्या पाच दिवसांत मुंगूस रोज येतो.

ज्यांना दोन्हींतले थोडे थोडे हवे आहे त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे, आणि ती अजूनही सर्वांत स्वस्त पडते. कळपात ग्रामप्रियाबरोबर दोन-तीन गावठी माद्या ठेवाव्यात. त्यांतली एक खुडूक होऊन दोन-अडीच आठवडे फसव्या अंड्यांवर बसली, की केंद्रावरून एक दिवसाची दहा-बारा पिल्ले आणावीत. दिवसा पिल्ले पुढे केली तर कोंबडी त्यांना टोचण्याची शक्यता असते, म्हणून पूर्ण अंधार पडू द्यावा. मग दिवा न लावता एका हाताने तिच्या पोटाखालची अंडी काढून घ्यावीत आणि दुसऱ्या हाताने एकेक पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवावे. ती गुरगुरते, पण उठत नाही. पिल्ले आधी चिवचिवतात, मग ऊब लागली की एकेक करून गप्प होतात, आणि थोड्या वेळाने तिचाही आवाज बदलून खालचा, तुटक, बोलावल्यासारखा होतो. उजाडल्यावर जाऊन पाहावे. पिल्ले तिच्या पिसांतून डोकी बाहेर काढत असतील तर पाणी आणि कण्या टोपलीपाशी ठेवून मागे फिरावे.